सातव्या गाण्यातली टकटक

बेलव्ह्यू, गुरुवार

प्रिय नकुल,

'प्रिय' लिहिताना पेन जराही अडखळलं नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं. तुझा पॉडकास्ट मी ऑफिसला जाताना न चुकता ऐकते. रस्टेड स्विंग्ज या बँडच्या पाच अल्बमांवर अधिकाराने बोलणारा हा माणूस जर्सी सिटीत चार वर्षं माझ्याशी भांडत होता, हे इथे कोणाला खरंसुद्धा वाटणार नाही.

तुझ्या मते बँड दुसऱ्या अल्बमनंतर संपला. पुढचं सगळं मिळमिळीत, सेल-आउट. मी म्हणायचे, पहिल्या दोन अल्बमांत तो गायक नुसता ओरडतो. पाचव्यात, त्याची आई गेल्यावर, त्याला पहिल्यांदा हळू बोलता येतं. त्यावर तू फॅन्सच्या फोरमवर माझी टर उडवलीस. इशिताला लिफ्टमधलं म्युझिकही ग्रेट वाटतं यार, असं लिहिलंस आणि दोनशे लाइक्स मिळवलेस. मी हसण्यावारी नेलं आणि वहीत पाचव्या अल्बमवर चाळीस पानं लिहून काढली. आपण वेगळे झालो तेव्हा ती वही तुझ्याकडे राहिली. तीनदा मागितली. सापडत नाही म्हणालास.

गेल्या वर्षी अचानक तुझं मतपरिवर्तन झालं. पाचव्या अल्बमवर सहा भाग! ते ओरडणं, ते हळू बोलणं, सगळं माझं, शब्दन् शब्द. लोक तुला हळवा म्हणायला लागले. मला इतका संताप आला की गाडी कडेला घेऊन थांबावं लागलं.

मग चौथा भाग आला. सातव्या गाण्याखाली ऐकू येणारी टकटक गायकाच्या आईच्या शिलाई मशीनची आहे, असं तू सांगितलंस, आणि मी एकटीच मोठ्याने हसले. फोरमवरची रीत विसरलास? नोट्स लिहिताना एक गोष्ट मुद्दाम खोटी घालायची, म्हणजे चोर सापडतो. मला ती तूच शिकवली होतीस. तिसऱ्या अल्बमनंतरच्या मुलाखती तू कधी वाचल्याच नाहीस. त्यांत तो गायक सांगतो, आईला साधं बटणही लावता येत नव्हतं.

रविवारी तो तुझ्या कार्यक्रमात लाइव्ह येतोय. पहिला प्रश्न मशीनचाच, अशी जाहिरात तू आठवडाभर करतो आहेस. मी फोन करून तुला सावध करू शकले असते. त्याऐवजी हे साध्या टपालाने टाकते आहे. तुझ्या हातात पडेल तोवर त्याचं उत्तर तू सगळ्यांसमोर ऐकलेलं असेल. वहीत मी मुद्दाम घातलेलं ते मशीन माझ्या आईचं होतं, नकुल. अर्विंगला आमच्या घरी तू त्याच्या शेजारी बसून जेवायचास, तुझा निळा कुर्ता तिने त्याच्यावरच शिवला. माझी चाळीस पानं तू पाठ केलीस आणि त्यातला तिच्या मशीनचा आवाज तुला ओळखता आला नाही. हे तुला माझ्याच अक्षरात कळावं, एवढ्यासाठी लिहिलं.

एकेकाळी तुझीच,
इशिता