एकदाही न आपटलेली गाडी

६ मार्च

चि. पानेबुवांस, ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

छकुलीचा खोकला थांबला, पण माझं डोकं ठिकाणावर नाही. ह्यांच्या माघारी गाडी मी त्या नर्सबाईंना विकली ना, महिन्याभरात त्यांची नोटीस! म्हणे पुढची डावी बाजू कधीतरी ठोकली गेली होती आणि खालचा सांगाडा जोडलेला आहे. अकरा वर्षं गाडी आमच्या दारात, आणि हे मला त्या सांगणार!

ग्राहक सल्ला केंद्रात जाऊन आले. तिथल्या वकीलबाई म्हणाल्या, घरगुती विक्रीत दुकानदारासारखी हमी द्यावी लागत नाही. पण विकणाऱ्याने जे लिहून दिलं, ते खरं असलंच पाहिजे. आणि मी बाई जाहिरातीत लिहून बसले, 'एकदाही कुठे आपटलेली नाही.' तू तेव्हा म्हणाला होतास, ताई, 'आहे तशी विकणे आहे' एवढंच लिही. मी तुलाच झापलं, लपवायला आपण काय चोर आहोत? बावीस वर्षं वर्गात मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं, आता चारचौघांत खोटारडी ठरू का?

येत्या शुक्रवारी केंद्रातच त्यांच्याशी समोरासमोर बैठक आहे. गाडी पहिल्यापासून तुझ्याच गॅरेजात यायची. तिला कधी अपघात झालेला नाही, एवढं तुझ्या सहीने लिहून पाठव. मग बघते मी त्या बाईंकडे.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो वाढवावा.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ती सही मी देऊ शकत नाही. तुला फोन लावायला तीनदा घेतला आणि ठेवला, म्हणून लिहितोय.

छकुली झाली त्या दिवशी भाऊजी दवाखान्याकडे येताना पुलाच्या कठड्यावर आदळले. दोन दिवसांचं जागरण, क्षणभर डोळा लागला. त्यांना खरचटलंसुद्धा नाही, पण गाडीची डावी बाजू गेली. तू पाच दिवस दवाखान्यात होतीस. तेवढ्यात मी शटर ओढून सांगाडा जोडला, रंग जुळवला. बाळंतिणीला धसका नको म्हणून भाऊजींनी मला शपथ घातली. पुढे सांगू सांगू म्हणता राहून गेलं, आणि मग तेच गेले. जाहिरातीच्या वेळी मी आडून सुचवलं, स्पष्ट बोलायची हिंमत झाली नाही.

जोड मी जीव ओतून केला होता. पण ताई, पुन्हा तिथेच दणका बसला तर तो टिकेल, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. त्या नर्सबाई रोज त्याच गाडीने पेशंटांकडे जातात. आज सकाळी त्यांना फोन करून गाडी बाहेर काढू नका म्हटलं, आणि नाव न सांगता ठेवून दिला. लिहायलाही लाज वाटते.

हवं तेवढं रागाव, पण तोंड फिरवू नकोस. लोभ कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा पानेबुवा

१४ मार्च

भावा,

आज आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. तुझं पत्र बैठकीच्या दिवशी सकाळीच मिळालं. कुणी काही विचारायच्या आत मी ते टेबलावर ठेवलं. नर्सबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, फोनवरचा माणूस बोलण्याआधी दोनदा खाकरला होता. मी म्हटलं, हो, तो आमचाच. गाडी परत घेतली. भांडायला म्हणून गेले होते, आणि त्यांनीच मला पाणी दिलं.

ह्यांच्यावर चिडावं तर ते नाहीत. तेव्हा सगळं तुझ्यावरच. नऊ वर्षं त्या डाव्या बाजूला कोण बसत होतं रे? मी. मांडीवर छकुली. आणि तू चाकांत हवा भरून, हसत हसत हात हलवायचास. एकदाही तुझी छाती धडधडली नाही?

गाडी दारात उभी आहे. रविवारी ये आणि तो जोड तुझ्या हाताने काप, म्हणजे पुन्हा ती कुणाच्या माथी जायला नको. छकुलीला सगळं तूच सांगायचंस, मी नाही. जेवायलाच ये.

'लोभ असावा' असं आज मुद्दाम लिहीत नाही. तो आहेच मेला, त्याला मी तरी काय करू.

ताई