भुईआवळीचं उद्धरण

१ जुलै २०२५, मंगळवार
नवी रोजनिशी. जुनीत ७ जानेवारीनंतर काहीच नाही. संशोधनाचा व्याप.

प्रोफेसरपदाची कमिटी १६ सप्टेंबरला येणार. हातात अडीच महिने. संकल्प: एच-इंडेक्स दहा करणे. (दहा पेपर, प्रत्येकाचा दुसऱ्या पेपरांत उल्लेख, म्हणजे सायटेशन, किमान दहा वेळा. सोपं आहे.)

सध्याची स्थिती: पेपर एकोणीस. सायटेशन एकतीस. एकतीसच्या एकतीस मीच माझ्या पुढच्या पेपरांत दिलेली. म्हणजे विषय नीट समजणारा माणूस सध्या देशात एकच आहे.

देऊळगाव राजात मला सगळे प्रोफेसर म्हणतातच. भाजीवाला म्हणतो, सलूनवाला म्हणतो. विद्यापीठ तेवढं मागे आहे.

३ जुलै
प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, कमिटी स्वतःची सायटेशन धरत नाही. बाहेरच्या माणसाचं निदान एक तरी हवं. एक! मी हसलो. ते हसले नाहीत.

प्रतीक्षाला (पत्नी, हायस्कूलला मराठी शिकवते) सायटेशन म्हणजे काय ते समजावलं. ती म्हणाली, त्याला उद्धरण म्हणतात. संध्याकाळी जानेफळहून आबांचा (वडील) फोन. त्यांना सांगितलं, एक उद्धरण झालं की मी प्रोफेसर. आबांना हल्ली कमी ऐकू येतं. म्हणाले, उद्धार ना? होईन बे, होईन. तुहा नाही होणार तं कोणाचा होईन?

दुरुस्ती केली नाही. भावना पोचली.

८ जुलै
सगळी भिस्त भुईआवळीच्या पेपरवर. 'भुईआवळीच्या अर्काचा कॅन्सर पेशींवर परिणाम', २०१९. माझं सर्वोत्तम काम.

याची प्रेरणा घरातलीच. आबा चाळीस वर्षं जानेफळात काविळीला भुईआवळीचा पाला द्यायचे. लोक बरे व्हायचे. (सोबत मेहकरच्या डॉक्टरकडेही जायचे, पण तो तपशील पेपरमध्ये घेतला नाही.) जो पाला कावीळ हटवतो तो कॅन्सर का हटवणार नाही, असा विचार मनात चमकला. पाला वाळवला, दळला, भुकटी मुंबईच्या एका लॅबला पाठवली. चव्वेचाळीस टक्के पेशी मेल्या. जर्नलने तीन दिवसांत पेपर घेतला. परीक्षकाचा शेरा अजून पाठ आहे: 'गुड'.

लेखक: मी, प्राचार्य आणि प्राचार्यांचे मेहुणे. मेहुण्यांकडे चांगला कॅमेरा होता, झाडाचा फोटो त्यांनी काढला.

सुचिता नावाची एम.एस्सी.ची मुलगी होती. वाळवणं, दळणं, मोजणं, लिहिणं तिनेच केलं. पण वाद फार घालायची. म्हणायची, सर, झाड आधी बॉटनीवाल्यांकडून ओळखून घेऊ. मी जानेफळचा. मला भुईआवळी शिकवणार! तिचं नाव आभारात टाकणारच होतो, पण पान संपलं.

१५ जुलै
नवा नियम: गूगल स्कॉलर (सायटेशनची मोजणी तिथे दिसते) दिवसातून दोनदाच बघायचं. सकाळी एकदा, रात्री एकदा.

आज: अकरा वेळा. नेट स्लो असल्याने काही वेळा मोजण्यात धरू नयेत.

२४ जुलै
संग्रामपूरच्या कॉलेजातल्या डॉ. प्रसेनजित सरांशी फोनवर ठरलं. मी त्यांना साईट करायचं, त्यांनी मला. याला लाचारी म्हणता येणार नाही. हे सहकार्य आहे. माझ्या नव्या लेखात त्यांचे चार पेपर घातले. त्यांचा विषय मत्स्यशेती, पण मासे आणि कॅन्सर दोन्हीत पेशी असतातच.

दहाचा आकडा जरा अवास्तव होता. नवं लक्ष्य: पाच.

२ ऑगस्ट
प्रसेनजित सरांनी शब्द पाळला! नवा पेपर, त्यात माझा उल्लेख. पण माझ्या स्कॉलरच्या पानावर काही दिसेना. दिवसभर शोधलं. त्यांनी माझं आडनाव वायाळ हे 'व्ही' ऐवजी 'डब्ल्यू'ने लिहिलंय. ते सायटेशन कुठल्याशा दाताच्या डॉक्टर वायाळांच्या खात्यात गेलं. त्यांचे आधीच दोनशे साठ आहेत.

प्रसेनजित सरांना फोन केला. म्हणाले, वायाळ सर, छापून आलं आता, काय करू? पुढच्या अंकात बघू. पुढचा अंक मार्चमध्ये.

नवं लक्ष्य: एक. (एक हा आकडा दिसतो तितका लहान नसतो.)

५ ऑगस्ट
आमच्या लॅबमागे तण माजलंय. सोजराबाई (लॅबची मदतनीस, रिटायर व्हायला दोन वर्षं) उपटत होत्या. मी ओरडलो, अहो, ती भुईआवळी आहे, माझ्या संशोधनाची! त्या म्हणाल्या, साहेब, ही कायची भुईआवळी? ही दुधी हाय. मोडून पाहा नं, देठातून दूध निघते. भुईआवळीले दूध नसते, पानाखाली बारीक बारीक आवळे असतात. त्या पोरीले, सुचिताताईले, मी तवाच सांगितलं व्हतं.

शांतपणे समजावलं की गावोगावी नावं बदलतात, विज्ञान लॅटिन नावाने चालतं. त्या म्हणाल्या, मंग लॅटिनमधी मोडून पाहा.

मोडून पाहिलं नाही. ती शास्त्रीय पद्धत नव्हे.

६ ऑगस्ट
मोडून पाहिलं. पांढरं काहीतरी आलं. पावसाचं पाणी असावं.

१४ ऑगस्ट
बालाजीच्या देवळात जाऊन आलो. मागताना संकोच वाटला. लोक मुलगा मागतात, नोकरी मागतात. मी म्हणालो, एक सायटेशन. शेजारच्या बाईंनी वळून बघितलं. बहुतेक त्यांना तो काही आजार वाटला.

२२ ऑगस्ट, पोळा. जानेफळ.
दुपारी चार वीस. झालं!!!

अंगणात बैलांना पुरणपोळी चारत होतो, मोबाईल वाजला. गूगलचा ईमेल: 'तुमच्या लेखाला एक नवीन सायटेशन.' परदेशी जर्नल! मोठं! पेपरचं नाव 'औषधी वनस्पती आणि कॅन्सर संशोधन: वीस वर्षांचा आढावा'. लेखिका कुणी एस. खेडेकर, पुणे. आख्खा पेपर बघायला सभासद व्हावं लागतं, पण संदर्भांची यादी उघडी आहे. सतराव्या क्रमांकावर: वायाळ आणि इतर, २०१९. 'व्ही'ने!

वीस वर्षांच्या आढाव्यात मी. माणूस उगाच आढाव्यात येत नाही.

आबांना ओरडून सांगितलं. त्यांनी हातातली पोळी बैलाला न देता मला दिली. आई रडली. मीही जरा रडलो, हे इथेच राहू दे.

२५ ऑगस्ट
स्टाफरूममध्ये पेढे. केमिस्ट्रीचे अश्वजित सर (एच-इंडेक्स सात, त्याचा फार गर्व) पेढा खाताखाता म्हणाले, पण त्यात लिहिलंय काय तुमच्याबद्दल? मी म्हणालो, पेपर लॉक आहे. म्हणाले, लॉक पेपरचे पेढे मी पहिल्यांदाच खातोय.

मत्सर. दुसरा पेढाही त्यांनीच घेतला.

१ सप्टेंबर
प्राचार्य खूश. सहलेखक तेही आहेतच. १८ तारखेला हॉलमध्ये सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र. बसस्टँडजवळच्या चौकात फ्लेक्स लागला: माझा कोटातला फोटो, मागे कॅन्सर पेशी (नेटवरून घेतल्या, प्रतीक्षाला त्या मोसंब्या वाटल्या), खाली 'आंतरराष्ट्रीय उद्धरणाबद्दल हार्दिक अभिनंदन'. उद्धरण शब्दाचा अर्थ तिघांनी थांबवून विचारला. सगळ्यांना सांगितला.

घराच्या पाटीचं माप देऊन आलो. 'प्रोफेसर' जरा मोठ्या अक्षरात.

९ सप्टेंबर
कमिटीच्या फाईलला मूळ पेपर जोडायला हवा. लेखिकेला ईमेल केला. 'आदरणीय खेडेकर मॅडम, आपण माझ्या कार्याची दखल घेतलीत...' चार परिच्छेद. पुण्याला आल्यावर मार्गदर्शन करण्याची तयारीही दाखवली.

१० सप्टेंबर
उत्तर आलं.

'सर, नमस्कार. मी सुचिता. लग्नानंतरचं आडनाव खेडेकर. पेपर सोबत जोडते. रागावू नका. आधी फोन करायचा होता, पण हिंमत झाली नाही. झाड हातात घेतल्याशिवाय त्यावर बोलू नये, हे तुम्हीच आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.'

मी असं शिकवल्याचं आठवत नाही. चांगलं वाक्य आहे मात्र.

पेपर उद्या शांतपणे वाचीन.

११ सप्टेंबर
वाचला.

तक्ता तिसरा. शीर्षक: 'चुकीच्या वनस्पतीवर झालेलं संशोधन'. सतरावी नोंद: 'वायाळ आणि इतर यांच्या लेखातली वनस्पती भुईआवळी नसून दुधी आहे. त्यांच्याच पहिल्या चित्रात तोडलेल्या देठावरचा पांढरा चीक स्पष्ट दिसतो. त्यामुळे लेखाचे निष्कर्ष धरता येत नाहीत.'

'स्पष्ट दिसतो' हे फोटोचं कौतुक आहे. मेहुण्यांना कळवायला हरकत नाही.

दुपारी. पुन्हा वाचला. शेवटी आभार आहेत: 'ही चूक सर्वप्रथम २०१८ साली देऊळगाव राजा येथील सोजराबाई यांनी ओळखली. लेखिका त्यांची ऋणी आहे.' सुचिताच्या पेपरला पान पुरलं.

संध्याकाळी. वाईट वाटलं. काही कारण जोडता येईना, नुसतं वाईट वाटलं. एका ओळीची जागा होती माझ्याही पेपरात. सन्माननीय प्राचार्यांच्या मेहुण्यांचा कॅमेरा कुठल्या कंपनीचा, ते मी लिहिलं होतं तिथे.

१३ सप्टेंबर
आबांना फोन. आबा, आपल्या पाल्याच्या देठातून दूध निघायचं का? दोनदा ओरडून विचारलं. म्हणाले, निघे नं. मी म्हणालो, मग ती दुधी होती, भुईआवळी नव्हती. म्हणाले, हाव. गावात समदे दुधीच म्हणत. खरी भुईआवळी आपल्या वावरात उगवतच नव्हती, मंग मी हिलेच भुईआवळी म्हणो. लोकाले तेवढाच धीर.

पण आबा, लोक बरे व्हायचे ना?

म्हणाले, म्हणून तं मी प्रत्येकाले सांगो, पाला घ्या अन् मेहकरच्या डॉक्टरकडे बी जा. काऊन, काय झालं?

म्हणजे भुईआवळी हे नाव साऱ्या जिल्ह्यात फक्त आमच्या घरात त्या झाडाला होतं. आणि तिथून ते मी थेट परदेशी पोचवलं.

१६ सप्टेंबर
कमिटी. ठरवलं होतं, यादीचं पान दाखवायचं, पेपर नाही. अध्यक्ष बाई भल्या होत्या. चष्मा लावून म्हणाल्या, वा, चांगलं जर्नल आहे. काय लिहिलंय यांनी तुमच्याबद्दल?

बोलायला दोन वाक्यं तयार होती. 'सविस्तर चर्चा केली आहे' हे एक. 'फोटोची विशेष दखल' हे दुसरं. तोंड उघडलं आणि सुचिताचं वाक्य आठवलं. म्हणालो, मॅडम, मी चुकीच्या झाडावर काम केलं, असं लिहिलंय. बरोबर लिहिलंय.

प्राचार्य छताकडे बघत होते. मॅडमनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, पुढच्या वर्षी अर्ज करा. पण योग्य झाडावर.

पाटीवाल्याला फोन केला. अक्षरं कापून झाली आहेत म्हणाला.

१७ सप्टेंबर
पेपरची प्रिंट घेऊन सोजराबाईंकडे गेलो. त्या लॅबमागेच होत्या. आभाराची ओळ वाचून दाखवली. तीनदा वाचायला लावली. मग पदराला हात पुसून कागद धरला आणि आपल्या नावावर बोट ठेवलं. एवढं मोठं पुस्तक अन् त्यात मी? म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं.

मग विचारलं, अन् तुमचं नाव कुठं हाय, साहेब? दाखवलं. काय लिवलं तुमच्याबद्दल? म्हणालो, दूध निघतं म्हणून.

त्या म्हणाल्या, मी तं म्हणलंच व्हतं. आवाजात जराही कुचकेपणा नव्हता. अश्वजित सर असते तर असता.

१८ सप्टेंबर
हॉल ठरलेला, शाल आणलेली, पाहुणे सांगितलेले. प्राचार्य म्हणाले, रद्द कसं करणार? मग सत्कार सोजराबाईंचा करू, हे मी सुचवलं, इतिहासात नोंदवून ठेवतो. आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये बाहेरच्या माणसाने आभार मानलेली, आमच्या कॉलेजातली पहिली व्यक्ती.

नवा फ्लेक्स करायला वेळ नव्हता. चौकातला जुनाच हॉलमध्ये आणला आणि फ्लेक्सवाल्याने माझ्या चेहऱ्यावर त्यांचा चेहरा चिकटवला. कोट आणि टाय माझाच राहिला. पेशीही राहिल्या. सोजराबाई स्टेजवरून बघून म्हणाल्या, या मोसंब्या कायच्या?

शाल त्यांच्या खांद्यावर मी घातली. टाळ्या खूप वाजल्या. अश्वजित सर उभे राहून वाजवत होते, माझ्याकडे बघून.

भाषणात सुचिताचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट. सहा वर्षं उशिरा.

संध्याकाळी स्कॉलर उघडलं. बाहेरचं सायटेशन: एक. चांगल्यासाठी की वाईटासाठी, हे गूगल विचारत नाही.

घरी आलो तोच आबांचा फोन. जानेफळच्या कुणीतरी चौकातला फ्लेक्स बघितला होता. झाला का बे उद्धार?

म्हणालो, झाला, आबा. भर हॉलमध्ये झाला.