माणिककाकांचा पाय आणि तुझा इन्शुरन्स

मिहिर,

खरं तर लिहिणारच नव्हतो. पण तू बाथरूमची कडी काढत नाहीस आणि मला निघायचंय. तुझा पडलेला दात ओट्यावर दुधाच्या वाटीत ठेवलाय. लगेच डेंटिस्टकडे गेलास तर परत बसतो म्हणे. बर्फ फ्रीजरमध्ये आहे.

दोन ठोसे जास्त पडले, मान्य. पण सकाळी तुझ्या गाडीखाली आपल्या फुलपुडीवाल्या माणिककाकांचा पाय चेचला, आणि तू मला काय म्हणालास? "पोलीस नको यार, पंचवीस हजारात मिटवू. क्लेम केला तर नो क्लेम बोनसची सूट जाईल, पुढच्या वर्षी इन्शुरन्सचा हप्ता पावणेचार लाख!" अरे, काका रस्त्यात ओरडत होते आणि तू बंपर बघत होतास!

एवढी पळणारी गाडी घेतलीस आणि इन्शुरन्स झेपत नाही, तर रिक्षाने फिर ना!

मी हॉस्पिटलात काकांना बघून पोलीस स्टेशनला जातोय. बाजूच्या सीटवरून जे दिसलं ते सांगणार. तू फोनवर होतास, तेही. वर एक अक्षर वाढवणार नाही.

आणि परत आलो की तू मला मार. मी हात उचलणार नाही, शब्द देतो.

प्रीतम