मोबाइल नसलेल्या माणसाच्या पेशी

४ सप्टेंबर २०१७, सोमवार

आमच्या दंत महाविद्यालयातल्या सेकारला प्रबंधासाठी माणसं मिळत नाहीत. मोबाइलवर रोज दोन-दोन तास बोलणारी तीस माणसं एका दुपारीत मिळाली — अर्धी तर तिच्याच वर्गातली. आता मोबाइल जवळजवळ न वापरणारी तीस हवीत. सव्वीसवर गाडी अडली आहे. पोरगी प्रयोगशाळेत माझ्या टेबलापाशी येऊन डोकं धरून बसली. "बू विनार्नी, अशी माणसं या जेम्बर शहरात शिल्लकच नाहीत हो."

म्हटलं, "एक आहे. माझ्या घरी."

तिला वाटलं मी थट्टा करते.

विषय चांगला आहे तिचा. फोन गालाला टेकतो, आणि गालाच्या आतली कातडी तिथून बोटभर लांब. त्या पेशींना फोनच्या लहरींनी काही होतं का? तिच्या मार्गदर्शक डॉ. रेतनो तिला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "भीती सगळ्यांना आहे. मोजलंय थोड्यांनी. तू आधी मोज, मग बोल."

५ सप्टेंबर

सकाळी ह्यांना विचारलं. नाही म्हणणार हे धरूनच चालले होते. कोणी मोबाइल घ्या म्हटलं की गेली कित्येक वर्षं एकच उत्तर — "ज्यानं माझं दुकान खाल्लं, त्याला मी खिशात घालून मिरवू?" रात्री नाही, दुपारी नाही, लेकीचा फोनसुद्धा माझ्याच मोबाइलवर, तोही हातभर लांब धरून.

आज म्हणाले, "कधी येऊ?"

मी बघतच राहिले. म्हटलं, सिगारेट ओढणारे चालत नाहीत. "सोडून आठ वर्षं झाली," म्हणाले. खरं आहे. दुकान गेलं आणि सिगारेटही गेली, एकाच वर्षी. पाच वर्षांच्या आत सोडलेले नकोत एवढीच सेकारची अट आहे.

१२ सप्टेंबर

उरलेले तिघेही मिळाले, आणि आज हे आले. इस्त्रीचा बाटिक सदरा घालून, जसं काही लग्नाला. सेकारनं लाकडी पट्टीनं दोन्ही गाल आतून खरवडले. पट्टी ओठांशीच अडायची तिची, मोठ्या माणसाच्या तोंडात कसं घालायचं म्हणून. हे म्हणाले, "बेटा, आतपर्यंत जा. मागचे दात पडलेत, चावायला काही उरलं नाही." सगळे हसले.

नंबर डॉ. रेतनोंनी टाकले. कुठला नंबर कुणाचा, तो कागद त्यांच्या कपाटात, लिफाफ्यात. मोजणाऱ्यांनी बघायचा नाही. मोजणाऱ्या दोघी — सेकार आणि मी.

१४ सप्टेंबर

दिवसभर पेशी लावलेल्या काचा रंगवल्या. मिनिटं मोजत काच एका भांड्यातून दुसऱ्यात टाकायची. मिनिटं मोजताना ह्यांचं दुकान, पैसे भरून फोन करायचं, आठवतंच. त्याला इलाज नाही.

तीन बूथ होते. लाकडी चौकटीचे काचेचे दरवाजे, आत एक स्टूल, वर लाल आकडे पळणारं यंत्र. त्र्याण्णव साली मी कॉलेजात नोकरीला नवी होते, आई बान्युवांगीच्या पुढे खेड्यात. दर रविवारी चार वाजता ती सरपंचाच्या घरी येऊन बसायची आणि मी इथून फोन लावायचे. आईला कमी ऐकू यायचं. मी ओरडायचे. तिसऱ्या रविवारी काउंटरमागचा माणूस म्हणाला, "बाई, तुमच्या बकरीला पिल्लू झाल्याचं सगळ्या रस्त्याला कळलं. अभिनंदन."

मी इतकी लाजले की पुढच्या रविवारी गेलेच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेले, तर तीन नंबरच्या दाराला आतून जुनी रजई ठोकलेली. "आता ओरडा हवं तेवढं," म्हणाले. त्यानंतर दर रविवारी चारला तीन नंबर रिकामा असायचा. कितीही रांग असो. दोन वर्षांनी लग्न झालं.

ईदच्या आठवड्यात तर रांग पार दुरियन फळं विकणाऱ्याच्या गाडीपर्यंत. मलेशियात मजुरीला गेलेल्यांच्या बायका पोरांना काखेत घेऊन यायच्या — "बोल, बाबा म्हण, म्हण ना." आत कोणी रडायला लागलं की हे रेडिओ मोठा करायचे, बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. रांगेतले लोक चिडायचे. हे म्हणायचे, "मला गाणं आवडतं, तुम्हाला काय त्रास?" गाणं कुठलं लागलंय हेसुद्धा ह्यांना माहीत नसायचं.

आणि हाताशी कायम पेटलेली, लवंग घातलेली सिगारेट. आपलं गावच तंबाखूचं, तेव्हा कोण कुणाला सांगणार? तिन्ही रिसीव्हरना लवंगेचा वास. मला आवडायचा तो. अजून कुठे आला तर वळून बघते.

३ ऑक्टोबर

एका काचेवरच्या हजार पेशी मोजायच्या. माणसागणिक दोन काचा, साठ माणसं. पेशीच्या मधल्या गोळ्याशेजारी एखादा छोटा ठिपका, तुटून पडलेल्या तुकड्यासारखा — तो दिसला की खूण करायची. मान मोडते. पण गंमत वाटते. फोनवर दिवसभर बोलणारे आणि न बोलणारे, काचेखाली सगळे सारखेच. फिकट, शांत, चपट्या पेशी.

सेकार हिरमुसते आहे. "बू, फरकच दिसत नाहीये."

म्हटलं, "मग फरक नाही असं लिही."

"तसं कोण वाचणार?"

१० ऑक्टोबर

ठिपके मोजले. दुसरं काही नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

एक्केचाळीस नंबर, डावा गाल. आधी वाटलं रंग जास्त बसला. दुसऱ्या कोपऱ्यात गेले, तेच. मधले गोळे मोठे, काळे, वेडेवाकडे, एकमेकांवर रेटलेले. हे ठिपके नव्हेत. मी डॉक्टर नाही, पण चोवीस वर्षं या टेबलाशी बसले आहे. अशा पेशी कशाच्या असतात ते मला कळतं.

सेकारला काही बोलले नाही. काच घेऊन सरळ डॉ. रेतनोंकडे. त्या बराच वेळ बघत होत्या. सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणाल्या, "तू मोजलीस?"

"नाही. मध्येच थांबले."

"बरं केलंस."

मला त्या अनोळखी माणसाची दया आली. कोण असेल? शिपाई असेल, एखादा विद्यार्थी असेल. आज घरी काय जेवेल, कुणाशी भांडेल, त्याला काही माहीत नसेल. मी म्हटलं, "मॅडम, मोजून होईपर्यंत लिफाफा उघडायचा नाही असा नियम आहे."

"नियम काचांसाठी आहे," म्हणाल्या. "हा माणूस आहे."

कपाटाकडे गेल्या. कागद बघितला. मग खोलीचं दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "विनार्नी, आधी बस."

२० ऑक्टोबर

एक्केचाळीस म्हणजे हे.

२१ ऑक्टोबर

परवा घरी कशी आले आठवत नाही. हे मागच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. खुराड्याचं दार म्हणजे तीन नंबरच्या बूथचंच दार. रजईचे खिळे अजून आहेत त्याला. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं, जसं रेतनोबाईंनी मला सांगितलं तसं. सावकाश, एकेक वाक्य.

ओरडले नाहीत. घाबरलेही नाहीत. "तूच बघितलीस काच?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मग उरलेले दाणे टाकून हात झटकले.

आज डॉ. रेतनोंनी आरशानं बघितलं. डावीकडे, पार मागे, शेवटच्या दाढेच्या जागी पांढरा चट्टा. नखाएवढा. बाहेरून दिसत नाही. तुकडा तपासायला काढला.

ह्यांनी मिरचीचा सांबाल खायचं केव्हाच सोडलं होतं. मी पोटाला दोष देत होते. नुसतं मऊ भात आणि तोफू वाढत होते. चोवीस वर्षं लोकांची तोंडं काचेवर बघते, आणि रोज समोर जेवणाऱ्या माणसाचं तोंड बघितलं नाही.

३० ऑक्टोबर

कॅन्सरच आहे. पण लहान, वरच्यावर. सुराबायाला ऑपरेशन करावं लागेल, गालाचा थोडा भाग जाईल. बाई म्हणाल्या, अजून सहा महिन्यांनी कळलं असतं तर मी हे असं बोलू शकले नसते.

सेकार माझा हात धरून रडली. "बू, ज्यांनी कधी मोबाइल कानाला लावला नाही, त्यांनाच कसं?" बाईंनीच उत्तर दिलं, "तीस वर्षांची सिगारेट तोंड आठ वर्षांत विसरतं थोडंच. तंबाखूला फोन लागत नाही."

लवंगेचा तो वास. मला आवडायचा.

१४ नोव्हेंबर, सुराबाया

ऑपरेशनला सकाळी आठला नेलं. बाहेर बाकावर आम्ही दोघी, मी आणि लेक. आजूबाजूला सगळे मोबाइलवर बोलत होते. "हो, आत नेलंय... नाही, अजून नाही... जेवलास का?" कुणी रडत होतं. रेडिओ मोठा करायला कुणी नव्हतं. मला एकदम दोन हजार सहा-सातचं दुकान आठवलं. दिवसभर दोन-तीन गिऱ्हाइकं, आणि हे तीन बूथच्या काचा पुसत बसलेले. मी म्हणायचे, बंद करा आता. हे म्हणायचे, "एखादी आई कमी ऐकणारी असेल ना अजून."

दीड वाजता डॉक्टर बाहेर आले. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत म्हणाले. सगळं निघालं.

लेकीनं मला धरलं, मग मी तिला धरलं.

२१ नोव्हेंबर

सेकारचा निरोप. मोजून झालं. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. तिनं तसंच लिहिलंय. एक्केचाळीस नंबर मोजणीतून वगळला. "बू, वाचणारे वाचतील," म्हणाली.

२७ नोव्हेंबर

आज हे पहिल्यांदा नीट बोलले. सूज आहे, शब्द अर्धे बाहेर, अर्धे आत. मी विचारलं, त्या दिवशी लगेच हो कसे म्हणालात? खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "रमजानपासून आरशात दिसत होतं. तुझ्यासमोर बसून सांगायचा धीर होईना. म्हटलं, जाऊ दे तुझ्या काचेखाली. तुझ्या नजरेतून सुटायचं नाही."