एक्केचाळीस वेळा ‘जमले नाही’

मी, छाया भाऊराव इंगळे, वय सदुसष्ट, सेवानिवृत्त परिसेविका, राहणार जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, आज माझ्या राहत्या घरात बसून स्वतःच्या हस्ताक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी धमकावलेले नाही आणि गोड बोलून भुलवलेलेही नाही. भुलायचे तेवढे माझे आधीच भुलून झाले आहे. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाल्यापासून रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत. त्यांचा डोक्यावर परिणाम होत नाही असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही समताच्या नावे केले होते. ते मी या लेखाने रद्द करते.

समता ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. मी लग्न केले नाही, तिला वाढवले, नर्सिंगला घातले, आणि ती माझ्याच वॉर्डात माझ्या हाताखाली नोकरीला लागली. कागदोपत्री दत्तक घेतले नाही. आपल्या माणसाचा कागद कशाला करायचा, असे तेव्हा वाटे.

कलम १. नोंदवह्या.

माझ्या लोखंडी पेटीत दोनशे पानी तीन वह्या आहेत. ज्या ग्रामीण रुग्णालयात मी नोकरी केली (नाव मुद्दाम लिहीत नाही) तिथल्या सर्पदंशाच्या रजिस्टरची ही मी हाताने उतरवलेली नक्कल आहे. सोयाबीन कापणीच्या दिवसांत घोणस चावलेली माणसे आमच्याकडे येत. त्यांचे थोडे रक्त काचेच्या नव्या, कोरड्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करून पाहायची. रक्त घट्ट झाले तर मी रजिस्टरमध्ये ‘जमले’ लिहीत असे. पाण्यासारखे वाहिले तर ‘जमले नाही’. म्हणजे विष रक्तात भिनले, लस सुरू करा. आमच्याकडे दही जमते तसे रक्तही जमते. यात न समजण्यासारखे काही आहे असे मला कधी वाटले नाही.

पुढे पुण्याचे एक संशोधक डॉक्टर आले. परिचारिकांवरचा मानसिक ताण हा त्यांचा विषय. आमचे रजिस्टर वाचून समजावण्याचे काम त्यांनी समताला दिले. एक छापील प्रश्नावलीही वाटली: झोप लागते का, रडू येते का, काम टाकून जावेसे वाटते का. नावे गुप्त राहतील म्हणाले. फॉर्म समता भरून घेत होती म्हणून मी खरे सांगितले. एक पोर दगावले त्या दिवशी चादरींच्या खोलीत जाऊन रडले, हेसुद्धा सांगितले.

वर्षभराने त्यांचा निबंध एका मासिकात छापून आला. त्यात लिहिले होते की ताणामुळे या वॉर्डातील परिचारिकांना एक्केचाळीस रुग्णांची वीस मिनिटांची चाचणी करणे जमले नाही आणि त्यांना लस अंदाजाने दिली गेली. पुरावा म्हणून रजिस्टरमधल्या एक्केचाळीस नोंदी. उदाहरण म्हणून चादरींच्या खोलीत रडणारी एक वरिष्ठ परिचारिका. लेखकांत दुसरे नाव समताचे.

चौकशी बसली. मी ‘जमले’चा अर्थ सांगू लागले तर चौकशीचे साहेब म्हणाले, आता अर्थ बदलू नका. मला वॉर्डातून काढले आणि त्याच चादरींच्या खोलीत निवृत्तीपर्यंत दोन वर्षे बसवले. रजिस्टर जुन्या कागदांबरोबर शेजारच्या कपाटात येऊन पडले होते. तिथेच मी ते उतरवून घेतले. त्या एक्केचाळीसपैकी अडतीस माणसे आपल्या पायांनी घरी गेली, हेही त्यात आहे. निबंधात नाही.

कलम २. पोटाचे चूर्ण.

माझी आई केसरबाई हिचे ओवा, बाळहिरडा, सुंठ आणि काळे मीठ यांचे चूर्ण गावात सर्वांना ठाऊक आहे. पुण्याचे डॉक्टर माझ्या घरी ठेचा खाऊन आडवे झाले तेव्हा मी त्यांना तेच दिले होते. पुढे त्यांनी त्यावरही एक निबंध लिहिला. त्यात माझा उल्लेख ‘एक स्थानिक स्त्री’ असा आहे आणि सुंठीचे प्रमाण दुप्पट छापले आहे. ती चूक मी त्यांना कळवली नाही. ही कृती मागेल त्याला द्यावी, तिच्यावर कोणाचा हक्क नाही. मात्र माझ्यासारख्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. मी स्वतः चूर्ण बंद केले आहे.

सदर डॉक्टरांना माझ्या मालमत्तेतून एक मातीचे मडके द्यावे, दह्यासकट. दही जमलेले असावे.

कलम ३. घर.

दोन खोल्या, पुढची पडवी आणि मागची जागा, ग्रामपंचायतीच्या नोंदीप्रमाणे, मी फातिमा हिला देते. फातिमा आमच्या वॉर्डात आया होती. नव्या नळ्या ती वेगळ्या डब्यात ठेवी, कारण साबणाने धुतलेल्या नळीत चांगले रक्तही जमत नाही हे मी तिला एकदाच सांगितले होते. चौकशीत तिला कोणी बोलावले नव्हते. ती आपणहून दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “सायेब, म्या सोताच्या डोयानं पाह्यलं. खून पान्यावानी हालत होतं शीशीत. बाई खोटं नाई लिहीत.” साहेबांनी ते लिहून घेतले नाही. आयाचे काय लिहून घ्यायचे! तिला या मृत्युपत्रावर साक्षीदार करायचे होते, पण वकील म्हणाले, ज्याला मिळते त्याला सही करता येत नाही.

कलम ४. समता.

मागच्या महिन्यात मी तिला पुण्याहून बोलावून घेतले; ती आता तिथेच असते. इतकी वर्षे मी समजत होते की तिच्याकडून चूक झाली. चूक कोणाकडूनही होते. मी सरळ विचारले, “समे, तुले ‘जमलं नाई’चा अर्थ मालूम नव्हता का वं?”

 ती म्हणाली, “मालूम होता, मावशी.”

“मंग काऊन सांगतलं नाई?”

“मीटिंगमधी सारे पुन्याचे होते. डॉक्टरनं इचारलं, जमले नाही म्हणजे करता आले नाही, बरोबर ना? आमच्याकडं दही जमते तसं रगत जमते, असं कसं सांगू मी तेईले? आधीच माह्या बोलन्याले हासून राह्यले होते. मी हो म्हणून देल्लं.”

मोठेपणासाठी तिने मला विकले असते तर मी दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण तिला माझ्या तोंडची भाषा सांगायची लाज वाटली. ती भाषा तिला मीच शिकवली होती. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही.

वकिलांनी सुचवले की अट घाला: समताने त्या मासिकाला दुरुस्तीचे पत्र लिहिले तर घर तिचे. मी अट घातली नाही. घरासाठी लिहिलेले पत्र मला नको. घर फातिमाचेच राहील, समताने काहीही केले तरी. समताला मी त्या तीन वह्या देते. ती मला भेटायला येऊ शकते, माझ्या मयतीलाही येऊ शकते, तिला कोणी अडवू नये.

पत्र लिहिल्याने तिला काहीही मिळणार नाही. मला मात्र ते वाचायचे आहे, आणि मेल्यावर वाचता येत नाही. म्हणून या मृत्युपत्राची एक प्रत माझ्या मरणाची वाट न पाहता आजच रजिस्टर पोस्टाने समताच्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवीत आहे.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, एका शब्दाचा अर्थ दोनदा समजावला, आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: जानेफळ
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

(सही) छाया भाऊराव इंगळे

बाईंनी आमच्यादेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत:
१. (सही) नागसेन वानखडे, सेवानिवृत्त शिक्षक, जानेफळ
२. (सही) भागवत काळे, औषध दुकानदार, जानेफळ