तोफ शेजारी येऊन बसली

प्रिय आई,

तुला वाकून नमस्कार. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. समुपदेशक बाईंकडे दर आठवड्याला जातो. मधल्या दिवसांत छाती धडधडली की त्यांनी दिलेलं मोबाइलमधलं अ‍ॅप लावतो.

आज लाँड्रीत ते लावलं आणि नेमका इअरफोन निघाला. "हळूहळू श्वास घ्या," सगळ्यांसमोर मोठ्यानं वाजलं! आमची मुकादमीण, जिला आम्ही तोफ म्हणतो, मशीन बंद करून आली. वाटलं, गेली नोकरी.

"आवाज वाढव," ती म्हणाली. "माझ्याकडेही हेच आहे, पण फोन घरी राहिलाय."

आणि चादरींच्या गठ्ठ्यावर माझ्या शेजारी बसून तिनं डोळे मिटले. आई, मी बघतच राहिलो. अजून खरं वाटत नाही.

बाबा गेल्यापासून तुला झोप लागते का गं? खरं सांग.

तुझाच,
धाकटा