धानाची नवी जात

१२ नोव्हेंबर २०२४
ईश्वरदास सरांनी आज ऑफिसात सांगून टाकलं— "ओमेश्वरी, धानाची एक जात वाढवाले दरवेळी हिमांशूले पुण्याले फोन कायले? टेबल बनव. गिरणीवाला सोताच भरेल."

बरोबरच आहे! आम्ही भातगिरण्यांना देतो त्या सॉफ्टवेअरमध्ये धानाच्या जाती थेट कोडमध्येच कोरलेल्या— इनम म्हणतात अशा पक्क्या यादीला. लिहिलं हिमांशूने. तो पुण्याला नोकरीला गेला, पण कोडची चावी त्याच्याकडेच राहिली. नवी जात आली की मी फोन करायचा, त्याने ओळ घालून सगळं पुन्हा बांधून पाठवायचं. काम पाच मिनिटांचं. बोलणं मात्र लांबायचं— गोंदियात थंडी पडली का, तू जेवली का, असलं काहीबाही.

आता टेबल, म्हणजे गिरणीतच भरता येईल असा तक्ता, मीच बनवायचं. आपल्याच हाताने पायावर धोंडा!

१३ नोव्हेंबर
काही केलं नाही. सरांना म्हटलं, विचार करून राहिली.

१६ नोव्हेंबर
केलं शेवटी. टेबलात जातीचं नाव, क्विंटलभर धानातून निघणारा तांदळाचा उतारा, जात चालू की बंद. "ही जात असेल तर असं, ती असेल तर तसं" हे कोडमधलं पानभर गुऱ्हाळ पुसून टाकलं. छान झालं मेलं!

१९ नोव्हेंबर
तिरोड्याच्या गिरणीत बसवलं. मुनीम पतिरामकाका ओरडलेच— "म्याडम, माया चिन्नोर तुमी १०१० करून टाकला! मालक मले खाईल!"

सुवासिक, महागाचा चिन्नोर १०१० या साध्या जातीच्या नावाने दिसत होता. जुन्या नोंदीत जातींची नावं नाहीत, फक्त यादीतले क्रमांक. हिमांशूची मोजणी शून्यापासून, माझं टेबल एकपासून! प्रत्येक जात एक घर सरकली.

फोन करायला कारण मिळालं! नंबर काढलाही. पण चूक मला दिसत होती आणि काका घामाघूम झाले होते. तिथेच दुरुस्त केली. मग काकांनी एका बोटाने नवी जात स्वतः भरली. "बस? एवढंच?"

एवढंच. फार रडू आलं. गिरणीत कोंडा उडतच असतो, कोणी विचारलं नाही.

२४ नोव्हेंबर
फोन नाही. कशाला करेल? मला त्याची आठवण येते. लिहिलं एकदाचं.

२७ नोव्हेंबर
हिमांशूचा फोन! सरांकडून कळलं म्हणे. भांडायलाच लागला— "टेबल मले बनवता येत नव्हता का? पहिल्याच वर्षी बनवला असता. मंग तू मले कायले फोन केला असता?"

मी विचारलं, "तू जेवला का?" मी फोन ठेवेना. तोही फोन ठेवेना.